महिनोन्महिने बाहेर राहून काम केलं ती सुट्टी नव्हती, हे आधी घरात सांगा

तुम्ही विचारलंय की पाच महिने जंगलात कॅमेरा ट्रॅपचं (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) काम करून घरी आलो, आता मन लागत नाही, रात्री झोप येत नाही, आईवडील म्हणतात नाटकं करतोस, तर रुळायला किती दिवस लागतात. दिवसांचं सांगते नंतर, पण ते "नाटकं" वाचलं आणि राहवलं नाही.

मी नाशिकची, सिडकोत राहते. दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबर ते फेब्रुवारी निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला पक्षी मोजायच्या कामावर होते. गोदावरी आणि कादवा मिळतात तिथे इंग्रजांच्या काळातला बंधारा आहे, त्याच्या मागे गाळ साठून जी पाणथळ झाली तिच्यावर हिवाळ्यात पक्षी उतरतात. रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींची यादी) गेलेली महाराष्ट्रातली पहिली जागा ती, २०२० मधे जाहीर झाली. पण नाशिकचे लोक रविवारी फ्लेमिंगो दिसतात का बघायला येतात, फोटो काढतात, येताना मिसळ खातात, त्यामुळे तिथे राहणं म्हणजे रोजची सहल असं सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय.

निफाडचा पारा उतरला की पेपरात बातमी येते ना, त्या थंडीत आम्ही पहाटे पाचला काठावर उभं असायचो. वारकऱ्यांचा थवा (काळा पक्षी, कपाळावर पांढरा टिळा, पाण्यावर नुसता पसरलेला असतो) एकेक करून मोजता येत नाही, आधी दहा मोजायचे, ते दुर्बिणीत केवढी जागा घेतात ते डोळ्यात धरायचं, त्यावरून शंभराचा ठोकळा बांधायचा आणि तो ठोकळा थव्यावरून सरकवत न्यायचा, आणि अर्ध्यात आलो की वरून भोवत्या (शिकारी पक्षी) घिरटी घालणार, सगळा थवा उठणार, मोजणी पहिल्यापासून. नोंदी पेन्सिलीने, कारण दवाने पेनची शाई फुटते. कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटलं की इथलं पाणी उतरतं, गाळ उघडा पडतो, मग शेकाटे (लांब पायांचे, चिखलात चरणारे पक्षी) वाढतात आणि आपण पोटरीपर्यंत चिखलात. संध्याकाळी परत तेच, आणि रात्री खोलीवर बसून तक्ते भरायचे.

तर फेब्रुवारीच्या शेवटी घरी आले. मुलगी सात वर्षांची, दारातच उभी होती, तिने आधी आजीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे आली. त्या एका बघण्याने पोटात खड्डा पडला. दुसऱ्या दिवशी फोडणीला तेल तापलंय आणि मला मोहरी सापडेना, आईंनी (सासूबाई) मागून हात घालून खालच्या ट्रॉलीतून डबा काढून दिला, एक शब्द बोलल्या नाहीत. सगळे डबे हलले होते. पहाटे साडेचारला डोळे टक्क उघडे, गच्चीवर जाऊन उभी राहायचे, सात वाजता घंटागाडी आली की खाली यायचे. लोकांना वाटतं निसर्ग आठवतो म्हणून असं होतं. मला नाही तसं वाटत. तिथे सकाळपासून माझ्या हातात एक काम होतं आणि ते मला नीट येत होतं, इथे ओट्यापाशी मी पाहुणी होते.

दहा दिवसांनी ओझरला नणंदेकडे जावळ होतं. पंगतीत सगळ्यांसमोर ताई म्हणाल्या, "हिचं बरंय बाई, चार महिने हवा खाऊन आली, आणि इकडे आमच्या आईचे गुडघे गेले." आमचे हे शेजारीच, हातात वाढायचं भांडं. हे हसले. नुसते हसले. मी तिथे काही बोलले नाही आणि त्याचा मला आजही राग आहे.

रात्री घरी आल्यावर मुलगी झोपल्यावर मी बॅगेतून नोंदवही काढली आणि बँकेचं पासबुक काढलं आणि दोन्ही ह्यांच्यासमोर ठेवलं. म्हटलं ही माझी हवा, वाचा. मुलीची वर्षाची फी त्यातूनच गेली होती. ह्यांनी बराच वेळ पानं उलटली. एका पानावर थांबले, तिथे खाली कोपऱ्यात लिहिलेलं, "पाय मुरगळला. मोजणी पूर्ण." म्हणाले, सांगितलं नाहीस कधी. मी म्हटलं तुम्ही रोज फोनवर विचारायचात आज कोणते पक्षी दिसले, दमलीस का असं एकदाही विचारलं नाहीत. हे गप्प बसले, पण दुसऱ्या दिवशी कामावर निघताना वही मागून घेतली, परत वाचायला.

ताईंना मी अजून सांगितलेलं नाही म्हणून इथे लिहिते. आईंचे गुडघे माझ्यामुळे गेले नाहीत, एक्सरे दिवाळीच्या आधीचा आहे, मीच घेऊन गेले होते काढायला. आणि सगळ्या घरांमधे हेच चालतं, पोरगा दुबईला दोन वर्षं राहिला तर तो कमवायला गेला, बाई ४०-४५ किलोमीटरवर पक्षी मोजायला गेली तर हवा खायला. तुम्ही पुरुष आहात तरी तुम्हाला नाटकं म्हणतात, कारण काम झाडाखाली केलं. एसीत केलं असतं तर कुणी म्हटलं नसतं.

आता एक माझ्याकडून राहिलं ते पण सांगते. आईंना "तुमचे चार महिने कसे गेले" हे मी ह्या भांडणानंतर विचारलं, म्हणजे जवळजवळ दोन आठवड्यांनी. तेव्हा कळलं की जानेवारीत मुलीला गालगुंड झालं होतं. एरवी महिन्यातून एकदा दीड दिवस मी घरी यायचे पण जानेवारीत पाणपक्ष्यांची मोठी गणना असते, तेव्हा आलेच नव्हते. आई म्हणाल्या, "तू काम टाकून आली असतीस." हे तुमच्याही घरात काहीतरी असणार, तुम्ही नसताना झालेलं. तुम्ही आधी विचारा.

झोपेचं म्हणाल तर मला तीन आठवडे लागले. त्यात नाटक काहीच नाही, २०१३ मधे अमेरिकेत कोलोरॅडोला आठ जणांना आठवडाभर तंबूत राहायला लावलं, दिवे नाहीत, फक्त ऊन आणि शेकोटी, तर त्यांच्या शरीराचं झोपेचं घड्याळ सरासरी दोन तास अलीकडे सरकलं. तुमचे तर पाच महिने झालेत. ट्यूबलाइट आणि मोबाइल रात्री नऊलाच बंद करा, पहाटे जाग आली तर लोळत राहू नका, उठून घरातलं एक काम अंगावर घ्या, रोज तेच. मी दूध आणायला लागले. आणि दर शनिवारी गाडी काढून गंगापूर धरणावर जाऊन बसणं टाळा निदान महिनाभर, माझ्या मते त्याने घरात पाय ठरत नाही (काहींना बरं वाटतंही, हे माझ्यापुरतं). महिना उलटूनही झोप नसेल, जेवण जात नसेल तर मात्र डॉक्टरकडे जा, मी सांगतेय त्यावर थांबू नका.

वडिलांना एकदा कॅमेऱ्याची कार्डं बदलायचा तुमचा अख्खा दिवस सांगा, किती चाललात, पाणी कुठून आणलंत, सगळं. वाघ दिसला का त्याचं शेवटी सांगा.