‘आतला’ मंगोलिया आणि ‘बाहेरचा’ मंगोलिया

प्रश्न : माझ्या नातवाला शाळेच्या नकाशासंग्रहात ‘मंगोलिया’ हा स्वतंत्र देश दिसला आणि त्याच्या खाली, चीनच्या हद्दीत, ‘आंतर मंगोलिया’ असे नाव आढळले. ‘आजोबा, मग बाहेरचा मंगोलिया कुठे आहे?’ या त्याच्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. एकाच लोकांची भूमी अशी कशी विभागली गेली?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : आपल्या नातवाने नेमक्या जागी बोट ठेवले आहे. आजचा स्वतंत्र देश हाच तो ‘बाहेरचा’ मंगोलिया. मात्र ही नावे मंगोलांनी स्वतः घेतलेली नाहीत. बीजिंगहून राज्य करणाऱ्या मांचू घराण्याला जे जवळचे ते ‘आतले’ आणि गोबी वाळवंटापलीकडचे ते ‘बाहेरचे’, असा त्यांचा अर्थ आहे.

या विभागणीचे मूळ गोबीतच आहे. हे वाळवंट बहुतांशी वाळूचे नसून खडे, खडक आणि विरळ गवताचे आहे. त्याच्या उत्तरेस खांगाई व खेंती पर्वत आहेत, आणि ज्या ओनोन नदीकाठी 1206 मध्ये तेमुजिनला ‘चंगीझ खान’ ही पदवी मिळाली ती नदीही तिकडेच आहे. दक्षिणेची कुरणे मात्र चीनच्या भिंतीला भिडलेली असून तेथे जागोजागी शेतीही करता येते.

दक्षिणेकडील टोळ्यांनी 1636 मध्ये मांचूंचे स्वामित्व मान्य केले. उत्तरेचे खाल्खा मंगोल मात्र पश्चिमेकडील ओइरात मंगोलांच्या हल्ल्यांनी जेरीस आल्यानंतर, 1691 मध्ये, मांचूंच्या आश्रयास गेले. या 55 वर्षांच्या अंतराने कारभारात पडलेला भेद पुढे कायम राहिला. दक्षिणेत चिनी शेतकऱ्यांची वस्ती वाढत गेली. गोबी ओलांडून उत्तरेत स्थायिक होणारे त्या मानाने थोडे होते.

मांचू सत्ता कोसळत असताना, डिसेंबर 1911 मध्ये, उत्तरेने स्वातंत्र्य पुकारून आपल्या सर्वोच्च बौद्ध धर्मगुरूंना ‘बोग्द खान’ म्हणून गादीवर बसवले. दक्षिणेतील अनेक सरदारांनाही त्यांच्यात सामील व्हायचे होते. परंतु 1915 च्या क्याख्ता करारात रशिया आणि चीन यांनी केवळ बाहेरच्या मंगोलियाला, तेही चीनच्या अधिसत्तेखाली, स्वायत्तता दिली. माझ्या मते फाळणी खऱ्या अर्थाने येथे झाली. पुढे 1921 मध्ये उत्तरेत सोव्हिएत फौजांच्या साहाय्याने क्रांती झाली, 1924 मध्ये प्रजासत्ताक आले आणि 1945 च्या सार्वमतानंतर चीननेही त्या देशाला मान्यता दिली. दक्षिणेत 1947 मध्ये चिनी कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली स्वायत्त प्रदेश स्थापन झाला.

आज स्वतंत्र मंगोलियाची लोकसंख्या सुमारे 35 लाख आहे, तर आंतर मंगोलियातील मंगोलांची संख्या 40 लाखांहून अधिक आहे. तरीही त्या प्रदेशाच्या सुमारे 2 कोटी 40 लाख वस्तीत ते पाचवा हिस्साही नाहीत. भाषेची आणि राज्याची सीमा एक नसते, हे इंदूरच्या मराठी घरांना वेगळे सांगायला नको. पण आपले पूर्वज होळकरांच्या राज्यात येऊन वसले; आंतर मंगोलियातले मंगोल आपल्याच कुरणांवर राहून अल्पसंख्य झाले, हा फरक मला फार मोठा वाटतो.

जुनी, वरून खाली लिहिली जाणारी मंगोल लिपी आंतर मंगोलियात टिकली आणि चिनी नोटांच्या मागील बाजूसही ती दिसते; स्वतंत्र देशाने मात्र 1940 च्या दशकात रशियन वळणाची सिरिलिक लिपी स्वीकारली. रेल्वेचेही तसेच आहे. महू-खंडवा मीटरगेज पाहिलेल्या आपल्याला रुळांच्या रुंदीचे महत्त्व ठाऊक आहेच. मंगोलियातील रूळ रशियाप्रमाणे 1520 मिलिमीटर रुंदीचे आहेत, तर चीनमधील 1435 मिलिमीटरचे. म्हणून चीनमधून मंगोलियाची राजधानी उलानबातरला जाणाऱ्या गाडीचे डबे गोबीतील एर्लियान या सीमेवरील स्थानकात प्रवाशांसह जॅकवर उचलतात, खालची चाके काढून दुसरी बसवतात, आणि मगच ती गाडी ‘आतल्या’ मंगोलियातून ‘बाहेरच्या’ मंगोलियात जाते.