आधी असलेले उद्योग बघ

स्थानिक आर्थिक विकासाच्या कामात नवा आलेला प्रत्येक जण बाहेरच्या बड्या कंपनीच्या मागे धावतो. मीही धावलो. 2017 मध्ये अमेझॉनने दुसऱ्या मुख्यालयासाठी प्रस्ताव मागवले, तर 238 ठिकाणांनी अर्ज केले. न्यूयॉर्क आणि व्हर्जिनियातलं आर्लिंग्टन निवडलं गेलं, आणि 2019 च्या फेब्रुवारीत कंपनीने न्यूयॉर्कमधून माघारही घेतली!

पहिले सहा महिने तुझ्या भागातल्याच उद्योजकांना भेट. कार्यालयात बोलावू नकोस, कारखान्यात जा. एका मालकाशी मी तासभर सबसिडीवर बोललो. निघताना दारात तो म्हणाला, "रात्रपाळी सुटली की बस नसते हो, माणसं टिकत नाहीत." खरी अडचण ती होती.

लोकेशन कोशंट काढायला शीक: एखाद्या क्षेत्राचा तुझ्या भागातल्या रोजगारातला वाटा भागिले देशातला वाटा. 1 च्या वर म्हणजे खासियत. पण भाळू नकोस, मरणपंथाला लागलेला धंदाही 2 दाखवतो.

अधिकार तुझ्या हातात फारसे नसतील. जमीन एकाकडे, पैसा दुसऱ्याकडे, प्रशिक्षण तिसऱ्याकडे. बैठकीचं इतिवृत्त मात्र तूच लिही, त्याच दिवशी, नाव आणि तारखेसकट.