कादंबऱ्या आणि सिनेमांतलं किशोरवय नुसतं पहिल्या प्रेमाभोवतीच का फिरतं? ते खरं वाटेल असं कुठे आहे?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: प्रेम खपतं. शिवाय लिहिणारा चाळिशी ओलांडलेला असतो, त्याला पाऊस आणि चिठ्ठ्या तेवढ्या आठवतात. (पंचविशीतल्या नटांना दप्तर अडकवून दहावीत बसवायची हौस वेगळीच.) मला विचाराल तर त्या वयाचा गाभा म्हणजे लाज. चारचौघांत शोभा होईल ही धास्ती, आईबापांची वाटणारी लाज, आणि मग तशी लाज वाटली म्हणून स्वतःचाच राग.

हे 'फँड्री'इतकं (2013) नेमकं मी क्वचितच पाहिलंय. गावकुसाबाहेरच्या घरातल्या जब्याला वर्गातली शालू आवडते, पण सिनेमा लक्षात राहतो तो डुकरं पकडण्याच्या प्रसंगामुळे. शाळेजवळ घरची सगळी माणसं डुकरामागे धावतायत, वर्गातली पोरं मजा बघतायत आणि जब्या शालूला दिसू नये म्हणून आडोसा शोधतोय. वर बापाचा मार. मध्येच शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि सगळ्यांना जागच्या जागी उभं राहावं लागतं. ही लाज जातीने लादलेली आहे, त्या वयात ती सोसवत नाही इतकंच.

फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोच्या 'द 400 ब्लोज'मध्ये (1959) आंत्वान शाळा बुडवतो आणि आई वारली म्हणून ठोकून देतो. पुढे आईबाप शाळेत हजर होतात आणि अख्ख्या वर्गादेखत त्याच्या थोबाडीत बसते. देश आणि काळ वेगळा, कान तापतात ते तसेच.

मिलिंद बोकिलांची 'शाळा' ही कादंबरी यांच्यापेक्षा हळवी आहे, मान्य. तरी ती पटते, कारण नववीतल्या मुकुंदला जेवढं कळतं तेवढंच ती सांगते. बाहेर आणीबाणी चालू आहे, त्याचा जीव मात्र शिरोडकर आज दिसते का यात अडकलेला.

खटकतात त्या मुली, म्हणजे त्यांचं नसणं. शालू काय, शिरोडकर काय, आपल्याला त्या मुलाच्या नजरेतूनच दिसतात. शालूच्या वाट्याला तर धड संवादही नाहीत. 'सैराट'मधली (2016) आर्ची बुलेट चालवते, परश्याकडे रोखून बघते, तिथे जरा बरं वाटतं. पण पाळी सुरू झाल्यावर एकदम बदललेलं घर, मैत्रिणींमधली असूया, आरशासमोरचा वैताग हे सगळं आतून सांगणारी मराठी कादंबरी कुणी सुचवली तर मला हवीच आहे.