कार्बन-१४ मोजायला त्वरक कशाला? (आणि तुमच्या तुळईचं काय?)

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. पाडलेल्या वाड्याच्या तुळईचा तुकडा पेशवाईतला आहे का, हे एएमएस (ॲक्सिलरेटर मास स्पेक्ट्रोमेट्री, म्हणजे त्वरक वापरून कार्बन-१४ मोजणाऱ्या) चाचणीत कळेल का. आणि अणू वस्तुमानानुसार वेगळे करणारा साधा मास स्पेक्ट्रोमीटर असताना त्यासाठी त्वरक, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणारं यंत्र, कशाला लागतो. दुसरं आधी घेतो, खरी गंमत तिथे आहे.

झाड वाढताना हवेतून घेतलेला कार्बन-१४ नंतर फुटून हळूहळू घटतो, किती उरला यावरून वय निघतं. जुन्या पद्धतीत तो मोजायला त्याचा अणू फुटायची वाट बघत बसावं लागे. आजच्या झाडातल्या १ मिलिग्रॅम कार्बनमध्ये असे साधारण ६ कोटी अणू असतात. पण अर्धायुष्य ५,७३० वर्षांचं, त्यामुळे तासाला धड एकही फुटत नाही, सरासरी ०.८. मोजणीत अर्ध्या टक्क्याची अचूकता हवी तर ४०,००० नोंदी लागतात. म्हणजे एवढ्याशा नमुन्यापुढे साडेपाच वर्षं ठाण मांडून बसा! म्हणून तेव्हा ग्रॅमच्या हिशेबात कोळसा लागायचा. एएमएसमध्ये न फुटलेले अणूच थेट मोजतात, तेवढ्या नोंदी तासाभरात होतात.

मग साध्या यंत्राचं घोडं अडतं कुठे? तोतयांपाशी. लाख कोटी कार्बन अणूंमागे कार्बन-१४ जेमतेम एक. आणि १४ वस्तुमान मिरवणारे बाकीचे अमाप: हवेतला नायट्रोजन-१४, एक हायड्रोजन चिकटलेला कार्बन-१३, दोन चिकटलेला कार्बन-१२. त्यातही नायट्रोजन महाबिलंदर. त्याच्या आणि कार्बन-१४ च्या वस्तुमानातला फरक ८४,००० भागांत एक भाग. एक टन कांद्याच्या टेम्पोत लसणाच्या तीन-चार पाकळ्या जास्त पडल्यात का, हे टेम्पो तोलून ओळखण्यातला प्रकार.

१९७७ मध्ये रोचेस्टर आणि मॅकमास्टर विद्यापीठांतल्या गटांनी यावर जी युक्ती वापरली ती मला आजही सगळ्या यंत्रापेक्षा सुंदर वाटते. नायट्रोजनचा ऋण आयन (जादा इलेक्ट्रॉन घेतलेला अणू) टिकतच नाही. नमुन्याच्या ग्रॅफाइटवर सीझियमचा मारा करून फक्त ऋण आयन बाहेर काढले की सगळ्यात अवघड तोतया दारातच गळतो. उरलेल्या रेणूंसाठी त्वरक. ऋण आयन लाखो व्होल्टच्या धन टोकाकडे खेचले जातात, तिथल्या विरळ वायूवर आदळून त्यांचे इलेक्ट्रॉन सोलले जातात आणि हायड्रोजन चिकटलेले रेणू फुटून विखुरतात. आता धन झालेले आयन तिथून पुढे ढकलले जातात. मग चुंबक १२, १३ आणि १४ वेगळे करतो. पहिल्या दोघांचा विद्युतप्रवाह मोजतात, १४ मात्र डिटेक्टरमध्ये एकेक करून.

एएमएसने इतर दुर्मीळ अणूही मोजतात, पण दर मूलद्रव्याचा तोतया वेगळा. ॲल्युमिनियम-२६ चं नशीब चांगलं, मॅग्नेशियमचाही ऋण आयन टिकत नाही. बेरिलियम-१० ला मात्र बोरॉन-१० थेट डिटेक्टरपर्यंत छळतो. बोरॉन पदार्थात लवकर थांबतो, त्यावरून तो वेगळा काढतात. खटाटोप सार्थकी लागतो. तमिळनाडूतल्या अत्तिरमपक्कमची दगडी हत्यारं सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीची, हे शांती पप्पू आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलं ते याच जोडीच्या आधारे (पुराचुंबकत्वाची, म्हणजे गाळात उमटलेल्या पृथ्वीच्या जुन्या चुंबकीय दिशेची, साथ होतीच). वैश्विक किरणांमुळे क्वार्ट्झमध्ये दोन्ही तयार होतात. दगड खोल गाडला गेला की भर थांबते आणि ॲल्युमिनियम जवळपास दुप्पट वेगाने घटतं. उरलेल्या गुणोत्तरावरून गाडल्याचा काळ निघतो.

यंत्राचं कौतुक पुरे. निकाल बिघडतो तो बहुतेकदा त्याआधीच. नमुना आम्ल-अल्कली-आम्ल धुऊन, जाळून, निघालेल्या कार्बन डायऑक्साइडचं लोखंडाच्या भुकटीवर ग्रॅफाइट करतात आणि ती काळी चिमूट ॲल्युमिनियमच्या छोट्या कॅथोडच्या बारीक भोकात ठोकून बसवतात. पूर्ण मृत कार्बनमध्ये (ज्यात कार्बन-१४ उरलेलाच नाही) एक टक्का आजचा कार्बन मिसळला तर वय ३७,००० वर्षं येतं. उलट आजच्या नमुन्यात एक टक्का मृत कार्बन गेला तर फक्त ८० वर्षांचा फरक. म्हणून जुन्या नमुन्यांना कापूस, कागद, डिंक लावू नका हो. ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा.

आता तुळई. खर्च करण्याआधी दोन गोष्टी ध्यानात घ्या. येणारं वय लाकडाचं ते वलय वाढलं तेव्हाचं, वाडा बांधला तेव्हाचं नव्हे. जुन्या सागाच्या गाभ्यातला तुकडा असेल तर शे-दीडशे वर्षं तिथेच जास्त दिसतील, शिवाय तुळया एका वाड्यातून दुसऱ्यात जात. आणि साधारण १६५० ते १९५० या काळात कॅलिब्रेशनचा आलेख (मोजलेल्या कार्बन-१४ वरून खरं साल काढायचा) इतका खालीवर होतो की एकाच मोजमापाला १६८०, १७६० आणि १८२० च्या आसपासचे तुकडे एकदम जुळू शकतात. पेशवाई नेमकी त्यात अडकते. सालीलगतची वलयं शाबूत असतील तर ठरावीक वलयं सोडून चार-पाच नमुने मोजून, ती आलेखाच्या चढउतारांशी जुळवता येतात. दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरमध्ये किंवा अहमदाबादच्या पीआरएलमध्ये (फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी) अशी सोय आहे. आधी विचारून घ्या. नुसता गाभ्याचा तुकडा असेल तर मी तरी पैसे घालणार नाही. त्यापेक्षा वाड्याची जुनी कागदपत्रं शोधा.