५० नॅनोमीटरच्या थरात कोणतं पॉलिमर कुठे बसलंय, हे कसं बघायचं?

तुम्ही विचारलंय की पॉलिस्टायरिन आणि पीएमएमए ही दोन पॉलिमर (प्लास्टिकं) मिसळून ५० नॅनोमीटरचा थर केला, एफटीआयआरमध्ये (कोणता इन्फ्रारेड प्रकाश किती शोषला जातो ते मोजणाऱ्या यंत्रात) दोघांचेही पीक, म्हणजे शोषणाचे उंचवटे, दिसतात, मग थरात कोण कुठे आहे ते का कळत नाही?

त्यात तुमची काही चूक नाही. पीएमएमएच्या कार्बोनिलचा (कार्बन-ऑक्सिजनच्या दुहेरी बंधाचा) पीक १७३० प्रति सेंटीमीटरच्या आसपास येतो. त्या प्रकाशाची तरंगलांबीच सुमारे ५,८०० नॅनोमीटर. तुमच्या थरातले एकेका पॉलिमरचे ठिपके शंभर-दोनशे नॅनोमीटरचे असतील, तर साध्या इन्फ्रारेड सूक्ष्मदर्शकात सगळी खिचडीच दिसणार.

तुम्हाला एएफएम-आयआर हवंय, म्हणजे अतिसूक्ष्म टोकानं पृष्ठभाग चाचपणारं एएफएम आणि इन्फ्रारेड लेसर यांची जोडी. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं घर टिनाचं. पावसाळ्यात ढग सरकून एकदम ऊन पडलं की टिन कडकन वाजायचं. आत बाजेवर डोळे मिटून पडलो असलो तरी ऊन कोणत्या टिनावर आलं ते मला कळायचं. हे यंत्र तसंच काम करतं. लेसरचा झोत रुंदच असतो, पण त्या रंगाचा प्रकाश जे शोषतं तेच तापतं, किंचित फुगतं, आणि वर टेकलेल्या एएफएमच्या टोकाला धक्का बसतो. प्रकाश बघायचाच नाही, फुगणं चाचपायचं. म्हणून तरंगलांबीची अडचण राहत नाही. बारकावा दहा-वीस नॅनोमीटरपर्यंत जातो. फ्रान्समध्ये अलेक्झांडर दाझी आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हे करून दाखवलं, आणि मला आजही त्याचं अप्रूप वाटतं.

तुमचा थर पातळ, म्हणजे धक्काही अगदी क्षीण. म्हणून लेसरचे ठोके टोकाच्या दांडीच्या स्वतःच्या कंपनाशी जुळवून घ्यायला सांगा. झोक्याला बरोबर वेळेवर रेटा दिला की तो चढत जातो, तसं. टोक सोन्याचा मुलामा दिलेलं मागा आणि जमलं तर थरही सोन्यावरच चढवा.

एक चित्र १७३० वर घ्या, एक पॉलिस्टायरिनच्या १४९३ वर, आणि दोन्हींचं गुणोत्तर काढा. एकट्या चित्रावर भरवसा ठेवू नका, कारण मऊ-कडक भागांचा फरकही त्यात मिसळतो.

नमुना पाठवताना चिकट जेलच्या डबीत ठेवू नका, हे कळकळीनं सांगतो. मी ठेवला होता. त्यातलं सिलिकॉन टोकाला लागलं आणि जिथे बघावं तिथे १२६० चा पीक. तीन दिवस मी तो माझ्या थरातलाच समजत होतो. यंत्रावर बसाल तेव्हा आधी कोऱ्या सोन्यावर एक स्पेक्ट्रम (सगळ्या पीकचा आलेख) घ्या. तिथेही १२६० दिसला तर टोक बदला.