ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या दगडी घरात आईबाबांना थंडी वाजते, तर कुठला हीटर घ्यावा, की आधी इन्सुलेशन करावं?

हीटर सगळ्यात शेवटी घ्या, आधी गच्ची बघा. आमचं घरही लष्कर भागातच, दोन फुटी दगडी भिंती, वर पटिये (छताच्या दगडी लाद्या), चौदा फूट उंच छत आणि मधे चौक, त्यामुळे दुपारी चौकात बरं वाटतं आणि खोलीत पाऊल टाकलं की आईबाबांना हुडहुडी भरते हे जे तुम्ही लिहिलंय ते आमच्याकडे दर जानेवारीचं आहे.

आपल्याकडे सगळे म्हणतात जाड भिंत आहे म्हणजे घर उबदार राहील. तसं नसतं हो. दगड उष्णता साठवतो, अडवत नाही. मे महिन्यात दिवसभर तापतो आणि रात्री तीच धग आत सोडतो, आणि जानेवारीत पारा चार-पाचवर आला, धुक्याने ऊन पडलं नाही की एकदा गार पडलेला दगड लवकर तापायचं नाव घेत नाही. म्हणून हीटर लावून हवा गरम झाली तरी भिंत थंडच असते, अंगातली ऊब तिकडे जात राहते आणि माणूस शालीत बसून म्हणतो हीटर चालतच नाहीये.

खरी गळती वरून असते. गरम हवा चौदा फुटांवर जाऊन बसते आणि पटिये तिची ऊब बाहेर सोडतात. गच्चीवर वॉटरप्रूफिंग करून त्यावर दोन इंची एक्सपीएस शीट (दाट, कडक फोमची; साधा थर्माकोल नको, तो पाणी धरतो), वर पातळ कोबा आणि पांढऱ्या टाइल्स, एवढं केलंत तर उन्हाळ्यातही उपयोग, मला तर मे महिन्यातलाच फायदा जास्त मोठा वाटतो. ती दोन इंची शीट जवळजवळ दहा फूट जाड दगडाएवढं काम करते. ठेकेदार सहा इंच विटांचा कोबा घाला म्हणेल, तर आधी पटिये आणि खालचे गर्डर एवढं वजन झेलतील का ते इंजिनिअरला दाखवा, जुन्या घरात हे टाळू नका. फॉल्स सीलिंग स्वस्तात होतं, वर रॉकवूल (दगडाच्या तंतूंचा लोकरीसारखा थर) घातलं तर खोली पटकन तापते, पण मग पटिये कुठे गळतायत ते दिसत नाही आणि वर उंदरांचा संसार सुरू होतो, आमच्याकडे म्हणून नाहीच केलं.

फटींचं काम मात्र याच रविवारी करून टाका. रात्री पंखा बंद करून उदबत्ती दाराखिडक्यांच्या कडेने हळूहळू फिरवा, धूर जिथे सरळ वर न जाता आडवा पळतो तिथून वारा येतोय. तिथे फोमची पट्टी, दाराखाली ब्रश, नाहीतर जुन्या साडीची घट्ट गुंडाळी पण चालते. खिडक्यांना जाड पडदे, फक्त दुपारी ऊन येतं तेव्हा उघडायचे आणि चारच्या सुमारास परत ओढून घ्यायचे. रोशनदान (वरचा झरोका) पूर्ण बुजवू नका, आणि कोळशाची शेगडी बंद खोलीत अजिबात नाही, अगदी विझत आलेली सुद्धा नाही, तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो आणि झोपेतच माणूस जातो.

भिंतीला ओल असेल तर ती आधी. ओली भिंत कोरडीपेक्षा जास्त गार असते, आणि चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला की ओल आत अडकते, त्यावर आतून थर्माकोल-जिप्सम चिकटवलं तर मागे बुरशी. चुन्याचाच गिलावा करा, कारागीर शोधावा लागेल पण मिळतो.

आता हीटर. रॉड, ब्लोअर, तेलाचा, सगळे एका युनिटची एका युनिटएवढीच उष्णता देतात, तेलाचा "बिल वाचवतो" हे दुकानदाराचं बोलणं. फरक एवढाच की रॉडवाला समोर बसलेल्याला लगेच ऊब देतो, संध्याकाळी तासभर बसायला चांगला, आणि तेलाचा सावकाश तापतो पण लाल तार उघडी नसते म्हणून म्हाताऱ्या माणसांच्या खोलीत रात्री तोच बरा. बिल खरंच कमी करायचं तर हॉट अँड कोल्ड इन्व्हर्टर एसी, तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो म्हणून एका युनिटमागे साधारण तीन युनिटची ऊब मिळते, फक्त फ्लॅप खाली वळवून ठेवा नाहीतर सगळं छताला. दोन हजार वॅटचा हीटर जवळजवळ नऊ अँपिअर ओढतो, तो पंख्याच्या छोट्या सॉकेटला लावू नका, वायरिंग जुनं असेल तर त्या खोलीपर्यंत वेगळी लाइन ओढून घ्या.

आणि सगळं घर तापवायच्या भानगडीत पडू नका, आईबाबांची एक खोली करा. ती वर आहे का खाली ते तुम्ही लिहिलं नाहीये. खाली असेल, वर दुसरी खोली असेल, तर गच्चीचा खर्च त्यांच्यासाठी करण्यात अर्थ नाही, तेच पैसे दारं-खिडक्या आणि एसीला लावा.