कुकचे खंड अजून चालतात का?

प्रश्न : जुन्या पुस्तकांच्या दुकानात थिओडोर कुकच्या मुंबई इलाख्याच्या ‘फ्लोरा’चे, म्हणजे तिथल्या वनस्पतींच्या वर्णनग्रंथाचे, तीन खंड मिळाले. एवढं जुनं पुस्तक आज वापरावं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : बेलाशक वापरा! कुक पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य होते. मूळ ग्रंथ १९०१ ते १९०८ दरम्यान भागाभागांनी निघाला; बॉटनिकल सर्व्हे ऑफ इंडिया या सरकारी संस्थेनं १९५८ साली तीन खंडांत पुन्हा छापला, तोच तुमच्या हाती लागला असणार. वर्णनं अजून पक्की आहेत. नावं मात्र बदललीत. पळस त्यात ‘ब्युटिया फ्रॉन्डोसा’ म्हणून भेटेल, आता तो ‘ब्युटिया मोनोस्पर्मा’. माझ्या प्रतीचे समास अशा पेन्सिलीच्या नोंदींनी काळे झालेत. आणि हो, झाड ओळखायला फूल हातात नि भिंग खिशात हवं. नुसत्या पानाला कुक दाद देत नाही.